पाच अंशांचा बाक

पोंतियानाक, ३ फेब्रुवारी २०११

मर्हमास आबाचा सलाम.

काल एक हिशेब केला. शाळांना विकतो त्या चंद्रयंत्रात चंद्राची तार पाच अंशांनी वाकवायची तर एक जादा साचा आणि एक जादा माणूस लागला असता, म्हणजे नगामागे पंचवीस रुपिया. ते मी वाचवले. सव्वीस वर्षांत चार हजार चंद्रयंत्रं विकली, तेव्हा एकूण बचत एक लाख रुपिया. आज बाजारात त्याची दोन किलो कोळंबी येते, तीही मध्यम. दुसऱ्या बाजूला मी पोरं मांडायला घेतली. एका यंत्रापुढून वर्षाला चाळीस धरली तरी आकडा पाटीवर मावेना, म्हणून पुसून टाकला. तू त्या आकड्यात नाहीस, तुझी ओळ वेगळी काढली होती. तीही पुसली.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. मलांगचा पत्ता तुझ्या आईकडून काढून घेतला. तिला दोष देऊ नकोस, तीन दिवस मी तिच्या मागे लागलो होतो. आज चिनी नववर्ष, गल्लीत फटाके चाललेत, तेव्हा अक्षर हललं तर ते वयामुळे नव्हे.

तुला बातमी द्यायची ती ही, की जुनं यंत्र मी बंद केलं. शेवटचा नग रमजानच्या आधी गेला. साचा मोडीत काढला. नवीन यंत्र तयार आहे, बैठक त्याच लोखंडासारख्या कठीण लाकडाची, दिवा तोच, फक्त चंद्राची तार वाकडी. तू म्हणाली होतीस तसंच. तार वाकडी असली की चंद्र फिरताना पृथ्वीच्या सावलीच्या कधी वरून जातो, कधी खालून, सावलीत क्वचित सापडतो. सरळ तारेवर तो दर फेरीला सावलीत शिरतो, म्हणजे दर फेरीला ग्रहण, आणि पोरांना वाटतं चंद्र रोज कमी होत जातो तो पृथ्वीच्या सावलीमुळे. बघ, पाठ आहे की नाही. खरं सांगू का, त्या दिवशी सभागृहात तुझं भाषण चालू असतानाच मला हे बसल्या जागी कळलं होतं. मी चौथी नापास, पण शाळांच्या फाटकावर बर्फ विकून मोठा झालेला माणूस आहे. एकदा ऐकलेलं माझ्या कानातून गळत नाही. तेव्हा कबूल केलं नाही, इतकंच.

ते का केलं नाही हे तुलाही माहीत आहे. माझ्या बावीस वर्षांच्या कामाचा सत्कार होता, खांद्यावर शेला होता, आणि त्याच व्यासपीठावरून माझी पोरगी सांगत होती की दोनशे बारा पोरांना विचारलं चंद्र कमी कशाने होतो, त्यांतली दर दहात सात म्हणाली पृथ्वीची सावली. ते एक वेळ चाललं असतं. पण तू साठ मास्तरांनाही विचारलं होतंस की तुमची पोरं काय चुकतील असं वाटतं, आणि साठांतल्या एकालाही पोरांच्या डोक्यात काय बसलंय ते सांगता आलं नव्हतं. निम्म्यांच्या स्वतःच्याच डोक्यात तेच बसलेलं. मग पडद्यावर माझ्या यंत्राचा फोटो. मी उठून म्हणालो, "या मुलीचं शिक्षण याच चंद्रावर झालंय." टाळ्या पडल्या. ते वाक्य मी विकत घेऊन परत पेटीत घालू शकत असतो तर घातलं असतं.

आता काम सांगतो. शिक्षण कार्यालय सहाशे बारा शाळांना नवीन यंत्रं देणार आहे. वीस एप्रिलला बैठक. मी वाकड्या तारेचं यंत्र घेऊन जाणार. ते प्रश्न विचारतील. तू ये. तू बोल, मी बाजूला बसून यंत्राचा दांडा फिरवीन. सहाशे बारा शाळांतून खोटा चंद्र जाईल आणि माझ्या घरात तू येशील, असा एका फेरीचा सौदा आहे.

तुझा आबा, जमहूरी


पोंतियानाक, ९ मार्च २०११

मर्हमा,

कार्ड मिळालं. चार वर्षांनी तीन ओळी आल्या, त्यात सलाम नाही, आईची चौकशी नाही, येणार की नाही तेही नाही. "दुपारी चारला होडीघाटावर उभं राहून अर्धा चंद्र बघा. तेव्हा सूर्य कुठे आहे तेही बघा. मग लिहा, चंद्र अर्धा का?" तुझ्या आईने ते कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलंय. येताजाता वाचते आणि माझ्याकडे बघते.

अगं, हा काय प्रश्न झाला? सावलीमुळे नाही हे मी आधीच मान्य केलं. आणि सध्या इथे ढग आहेत, नदीला पाणी चढलंय, माझे गुडघे धरलेत. बघू.

पण तुझं जुनं काम मी हाती घेतलंय. मागच्या आठवड्यात सुंगाई काकापच्या शाळेत गेलो होतो, रोस्मीदा बाईंकडे. वाकड्या तारेचं पहिलं यंत्र त्यांना फुकट देऊन टाकलं, म्हटलं वापरून सांगा. बाई चांगल्या आहेत. पोरांना मारत नाहीत, घरून केळी आणतात. मी खिडकीशी बसलो. बाई म्हणाल्या, चंद्राला प्रकाश मिळतो सू... आणि चाळीस पोरं ओरडली, र्याकडून. पृथ्वी फिरते स्वतःभो... वती. आणि चंद्र फिरतो पृथ्वीभो... वती. कळलं? कळलंऽऽ बाई. ही आपली पद्धत मी चाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आलोय. बाई अर्धा शब्द टाकतात, वर्ग उरलेला उचलतो. बर्फाच्या गाडीवर असतानाच मला समजायचं की आवाज पहिल्या दोन बाकांचा असतो, मागचे नुसतं शेपूट ओढतात.

तास संपल्यावर बाईंना विचारलं, चंद्राच्या कला कितीजणांना कळल्या? म्हणाल्या, सगळ्यांना, ऐकलंत ना काका. मग मी फाटकावर गेलो, कोरफडीचं सरबत पाजलं आणि पोरांना बोलतं केलं. त्यात माझा हात धरणारा अजून नाही. चंद्र अर्धा कशाने? सहाजणांनी पृथ्वीची सावली सांगितली. एक म्हणाला, ढग. एका पोरीने सांगितलं की चंद्र खाली जाताना समुद्रात भिजतो आणि विरघळतो, तिचे वडील मासेमार आहेत. मी म्हटलं, अरे पण आत्ता वर्गात तुम्ही सूर्याकडून, सूर्याकडून असं ओरडत होतात ते काय? तेव्हा तीच पोरगी म्हणाली, "बाई सू म्हणाल्या म्हणून. पृ म्हणाल्या असत्या तर थ्वीकडून म्हटलं असतं."

हे मी बाईंच्या कानावर घातलं. बाई हसल्या. म्हणाल्या, पोरं फाटकाबाहेर गेली की थट्टा करतात काका, तुम्ही सरबत पाजलंत, ती तुम्हाला गोष्टी सांगणारच.

तुझे साठ मास्तर मला त्या हसण्यात दिसले. बाईंनी पोरांना कधी विचारलंच नाही, आणि का विचारावं, उत्तर दर वेळी तालात येतं. तू हेच सांगत होतीस ना? बैठकीत हेच सांग. विमानाचं तिकीट या पत्रासोबत ठेवलंय, एकोणीस तारखेचं.

आबा


पोंतियानाक, १३ एप्रिल २०११

मर्हमा,

तिकीट परत आलं नाही, त्यावरून तू येतेयस असं मी धरलं. तुझी आई तसं धरत नाही. काल मासे साफ करता करता म्हणाली, "तिने प्रश्न विचारलाय, तुम्ही तिकीट पाठवलंत." मी म्हटलं, तू तुझे मासे बघ.

आज पुन्हा काकापला गेलो होतो. म्हटलं बैठकीत सांगायला हाती काहीतरी असावं, की एका शाळेत वाकडी तार महिनाभर चालली आणि पोरं सुधारली. बाईंनी चहा ठेवला, तळलेली केळी ठेवली, आणि मोठ्या अभिमानाने कपाटातून यंत्र काढलं.

तार सरळ होती. काठीसारखी सरळ.

बाई म्हणाल्या, "तुमच्या नव्या मालात खोट होती काका. दोन तास फिरवलं, चंद्र सावलीत जाईच ना. मग शिपायाकडून पक्कड आणून सरळ केली. तुमचं नाव खराब नको व्हायला."

आता यावर माणसाने काय करावं? बाईंनी स्वतः वाकून, पक्कड धरून, माझ्या नावासाठी खपून ते केलं होतं. बोटाला पट्टी होती. मी म्हटलं, बाई, ती खोट नव्हती. त्यांनी विचारलं, मग काय होतं? आणि लगेच स्वतःच सांगायला लागल्या की शहाऐंशी साली त्या चौथीत होत्या, त्यांच्या शाळेत पहिलं चंद्रयंत्र आलं तेव्हा सगळा गाव बघायला जमला होता, मी स्वतः दांडा फिरवला होता आणि म्हणालो होतो, बघा पोरांनो, सावली आली की चंद्र गेला. शब्द न शब्द त्यांच्या लक्षात आहे. म्हणाल्या, त्या दिवशी मी ठरवलं, बाई व्हायचं. आणि माझ्या हातावर आणखी एक केळं ठेवलं.

मी तसं म्हणालो असेन. बर्फ विकतानासुद्धा मी काहीतरी म्हणायचोच.

बाईंच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते विचारू नकोस. होडीची वेळ झाली होती.

माझं आतापर्यंत असं गणित होतं की चूक यंत्रात आहे, यंत्र बदललं की चूक गेली. चूक यंत्रात राहिलेलीच नाही, मर्हमा. ती पक्कड घेऊन यंत्राची वाट बघत बसलीय. ही बाई निवृत्त होईपर्यंत आणखी हजार पोरं काढील, आणि त्यांतली दहा-पंधरा बाया होतील, मास्तर होतील. आणि सगळ्या चांगल्या असतील, घरून केळी आणतील.

वीस तारखेला सकाळी नऊला बैठक. विमानतळावर मी स्वतः येईन. निळी मोटार आता नाही, पांढरी आहे.

आबा


पोंतियानाक, २२ एप्रिल २०११

मर्हमा,

एकोणीसला जकार्ताहून आलेली तीन विमानं बघितली. तिसऱ्यातून तुझ्याएवढी एक मुलगी उतरली, तिला घ्यायला कोणी आलं नव्हतं, तिला मी शहरात सोडलं. रिकामी मोटार कशाला न्यायची.

बैठक झाली. सहाशे बारा नगांचं काम तर्मुजीला मिळालं. तुला आठवत असेल, आपल्याकडे मुकादम होता, तुला खांद्यावर घेऊन घाटावर जायचा. त्याने आता स्वतःचा कारखाना काढलाय. त्याचं यंत्र मेजावर ठेवलं तेव्हा मला पृथ्वीच्या गोळ्यावरचा, दक्षिण ध्रुवाजवळचा ओरखडा लांबूनच ओळखू आला. माझ्याच साच्याचा ओरखडा. सरळ तार.

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं की साचा मोडीत काढला. मोडीत काढला नव्हता. नोव्हेंबरमध्ये तर्मुजीला विकला. भंगाराच्या भावात नाही, चांगल्या भावात. मनात म्हटलं होतं की तो त्याची खेळणी करील. तो खेळणी करणार नाही हे मला ठाऊक होतं. साचा फोडायला मी हातोडा उचलला होता, पण सव्वीस वर्षं ज्याने पोट भरलं, तुझी फी भरली, त्याच्यावर हात पडेना. इतकं खरं आहे. त्यानंतरचं, म्हणजे तर्मुजीला बोलावून चहा पाजून भाव वाढवत नेला, तेही खरं आहे.

साहेब लोक माझ्याशी फार आदराने वागले. मुख्य साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, काका, तुम्ही या प्रांताचे चंद्र आहात. आणि कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की नव्या यंत्रांवर पितळेची पट्टी लावायची, "जमहूरी चंद्र". सगळ्यांनी माना डोलावल्या. तर्मुजीने तर उठून माझा हात कपाळाला लावला. सहाशे बारा पट्ट्या. मी नको म्हणालो, तर म्हणाले हा काकांचा विनय.

वाकड्या तारेचं सांगितलं का, असं तू विचारशील. सांगितलं. पण वेळ कमी होता, जेवणाचे डबे आले होते. लोक घाईत असतात.

यंत्रं जुलैत, शाळांचं नवीन वर्ष सुरू होताना जातील.

आबा


पोंतियानाक, ११ मे २०११

मर्हमा,

काल चार वाजता होडीवर होतो. तुझी आई बरोबर आली. नदीपलीकडे सियान्तानला उतरायचं नव्हतंच, तिने परतीचे पैसेही आधीच देऊन टाकले.

चंद्र अर्धा होता. सियान्तानच्या गोदामांवर, बराच वर, दिवसाउजेडी, पांढरा फटक. सूर्य आपल्या शहराच्या बाजूला, बंदराच्या वर. दोन्ही एकदम दिसत होते. मी मधोमध, आणि पृथ्वी माझ्या पायाखाली, होडीखाली, नदीखाली. माझी सावली फळीवर पडली होती ती सियान्तानकडे, खाली. ती उठून वर चंद्रावर जाईल कशी? तुझी आई म्हणाली, "अहो, हे तर रोज दिसतं." रोज दिसतं. चाळीस वर्षं मी या होडीने माल नेला.

तर सावली नाही हे आता डोळ्यांनी बघितलं. चंद्राची उजळ बाजू शहराकडे होती आणि काळी पलीकडे, तेही बघितलं. त्याचं पुढे काय करायचं ते मला समजलं नाही. होडी लागली, माणसं उतरली, आम्ही बसून राहिलो, होडी परत निघाली, आणि चंद्र तसाच अर्धा.

बैठकीत वेळ कमी नव्हता. डबे एक वाजता आले. माझ्यापुढे सबंध तास होता. मी सांगितलं की तार वाकडी हवी, सरळ तार खोटं शिकवते, पृथ्वीच्या सावलीने ग्रहण होतं, कला होत नाहीत. सगळं पाठ होतं, तसं म्हटलं. लोक ऐकत होते, मनापासून ऐकत होते. त्यांच्यात एक तरुण साहेब होता, वहीत लिहून घेत होता, माझ्याच बाजूचा. त्याने पेन थांबवून विचारलं, "बरं काका, सावलीने नाही. मग अर्धा कशाने?"

मी उभा होतो, हातात दांडा होता. पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. मी दांडा एक फेरी फिरवला आणि म्हणालो, "तारेच्या बाकामुळे."

कोणीतरी हसलं. वाईट नाही हसलं, काकांना हसतात तसं. तर्मुजी म्हणाला, सावलीनेच साहेब, चौथीतल्या पोराला विचारा. आणि त्या तरुणाने वही मिटली. काम तिथे गेलं, मर्हमा. तर्मुजीच्या भावामुळे नाही, साच्यामुळे नाही. रोस्मीदा बाईंनी काकापला "मग काय होतं" म्हणून तेच विचारलं होतं, आणि त्याच्याही आधी तू. मला तीनदा विचारलं गेलं.

तू आली असतीस तर तू उत्तर दिलं असतंस, असं मी तीन दिवस तुझ्या आईला ऐकवलं. तिने एकदाच उत्तर दिलं, म्हणाली, पोरीने ते उत्तर चार वर्षांपूर्वी साठ मास्तरांसमोर दिलंय, तुम्ही पहिल्या रांगेत होतात.

म्हणून मी आठवायला बसलो. काल होडीवर, आणि आज सकाळपासून पुन्हा. सभागृह आठवलं. तुझी हिरवी ओढणी आठवली. माझ्या मागे तिसऱ्या रांगेत दोन मुख्याध्यापक बोलत होते, एक म्हणत होता शेला सिंगकावांगचा आहे, दुसरा म्हणत होता नाही, स्वस्तातला. डावीकडे एका मास्तरीणबाईंनी कोणाला तरी विचारलं, ही त्याची सख्खी मुलगी ना? जनरेटर दोनदा दचकला. मागे कोणीतरी माझ्या यंत्राचं नाव घेऊन हसलं आणि ते कोण ते मी आवाजावरून ओळखलं, आजही नाव सांगू शकेन. तुझे आकडे आणि तारेचं ते मला मागाहून लोकांकडूनच कळलं. तू फळ्यावर काहीतरी गोल काढलेस, एकापुढे एक, बरेच. त्यांच्याबद्दल तू काय म्हणत होतीस ते आठवत नाही. विसरलो म्हणून नाही.

तुझं भाषण मी ऐकलं नव्हतं.

आबा